आपल्यालाही एक देवमाणूस हवा

डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात सोनी वाहिनीवर 'क्राइम पेट्रोल'चा एक भाग दाखवला गेला. मुलगा मुलीचा खून करतो आणि मृतदेहाचे तुकडे करतो. दिल्लीतले श्रद्धा वालकर प्रकरण दीड महिन्यापूर्वीच उघडकीस आले होते, त्यामुळे हे कशावर बेतले आहे ते प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. पण मालिकेतल्या मुलाचे नाव होते मिहिर आणि मुलीचे ॲना फर्नांडिस. एवढ्यावरून गहजब झाला. 'बॉयकॉट सोनी टीव्ही'चा ट्रेंड चालला. वाहिनीने खुलासा केला की भाग काल्पनिक आहे, २०११ मधल्या काही घटनांवर ढोबळपणे आधारलेला आहे, अलीकडच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही; तरी प्रेक्षकांच्या भावना लक्षात घेऊन आम्ही तो काढून टाकत आहोत. आणि भाग काढून टाकला गेला.

त्या दिवसांत मी या प्रतिक्रिया बऱ्याच वाचल्या. काम कोणी चांगले केले, तपास पटण्यासारखा होता का, मुलीला वेळीच कुठे मदत मिळू शकली असती, यातले काही शोधूनही सापडेना. सगळ्यांची तक्रार एकच होती, की खुनी मुसलमान का नाही? 'क्राइम पेट्रोल' २००३ मध्ये सुरू झाली आणि नावे बदलून गुन्हे दाखवणे हीच तिची रीत आहे. इतकी वर्षे खऱ्या गुन्हेगाराचे नाव बदलले म्हणून कोणी रुसले नव्हते. या वेळी मात्र नाव हाच गुन्हा ठरला.

आता हे वाचून तुम्ही मान डोलवाल आणि म्हणाल, बघा, आपल्याशी असेच वागतात. थांबा. या लेखाचा मोठा भाग आपल्याबद्दल आहे.

त्याआधी फ्रीजचे सांगतो. त्या नोव्हेंबरात मी वर्ध्यातून, घरूनच काम करत होतो. रोजच्या व्हिडिओ कॉलवर एका सहकाऱ्याने हसत विचारले, "काय रे, नवा फ्रीज घेतलास म्हणे?" चार-पाच जण हसले. मी खरोखरच घेतला होता. जुना मे महिन्याच्या उन्हात बसला होता, आणि वर्ध्याचा मे ज्याने काढला आहे त्याला पुढचे सांगायला नको. मी विषय बदलला आणि आम्ही कोडमधल्या चुकीवर बोलू लागलो.

ते हसले त्याच कॉलवर मला आणखी एक गोष्ट सांगता आली असती. ऑक्टोबर २०१० मध्ये डेहराडूनला राजेश गुलाटी नावाच्या माणसाने बायकोचा खून केला, मृतदेहाचे तुकडे करून डीप फ्रीजरमध्ये ठेवले, आणि आई दिल्लीला गेली आहे असे मुलांना सांगत राहिला. डिसेंबरात प्रकरण उघड झाले. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. हा राजेश गुलाटी सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. त्या कॉलवरचे आम्ही सगळे सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेल्या इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही कोणी विचारलेले नाही की तुमच्या इंजिनिअर लोकांचे हे काय चालले आहे, तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात का, तुमच्यातले चांगले लोक याचा निषेध का करत नाहीत. फ्रीजबद्दल प्रश्न आला तो माझ्या एकट्याच्या वाट्याला.

क्राइम पेट्रोलचा वाद पेटला तेव्हा आपल्या ग्रुपवर हेच गुलाटीचे नाव फिरू लागले. वर लाल अक्षरात लिहिलेले होते, 'हा हिंदू होता, आता बोला.' खाली आणखी दहा-बारा नावे. एका दिवसात ती यादी मला सात वेळा आली. आरडाओरडा करणारे प्रेक्षक जो हिशेब मांडत होते, तोच आपण मांडला, फक्त जमेचे खर्चात टाकले. यादी पाठवणाऱ्या एकानेही त्या दोन बायकांबद्दल एक ओळ लिहिली नव्हती.

श्रद्धा वालकर वसईची. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो मला मारहाण करतो, मारून टाकीन आणि तुकडे करीन अशी धमकी देतो, असे तिने लिहिले होते. पुढे तिने तक्रार मागे घेतली आणि प्रकरण मिटले. दिल्ली पोलिसांच्या म्हणण्यानुसार खून झाला तो १८ मे २०२२ ला, म्हणजे तक्रारीनंतर दीड वर्षाने. गुन्हेविषयक मालिकेत दाखवण्यासारखे यापेक्षा महत्त्वाचे काय आहे? मारहाण झालेली मुलगी तक्रार देते, मागे घेते, आणि ती मागे का घेते हे पाहायला ठाण्यातले कोणी तिच्या मागे जात नाही. हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या मुलीचा आहे. त्यावर गदारोळ व्हायला हवा होता. झाला तो मिहिर या नावावर. सरकारने १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी 'परिवार समन्वय समिती' नेमली, मंगलप्रभात लोढांच्या अध्यक्षतेखाली. दोनच दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' वगळले आणि फक्त 'आंतरधर्मीय' ठेवले. सकल हिंदू समाजाचे मोर्चे तर नोव्हेंबरातच सुरू झाले होते. घरात मार खाणाऱ्या बाईने कुठे जावे, हे त्या समितीच्या नावातही नव्हते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आठवा. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवले. १० फेब्रुवारीला ती नागपूरच्या रुग्णालयात गेली. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, सगळीकडे बाजार बंद झाले, कॉलेजच्या मुली रस्त्यावर उतरल्या, आपल्या मोहल्ल्यातल्याही. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. लोकांचा राग अगदी खरा होता, आणि तो आरोपीवर होता, एकतर्फी प्रेमाच्या नावाने चालणाऱ्या छळावर होता, ढिल्या व्यवस्थेवर होता. त्याच्या आडनावाच्या लोकांना कोणी दुकानात अडवून जाब विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. राग कसा असावा हे आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. मग टीव्हीसमोर बसल्यावर त्याचे काय होते?

टीव्हीसमोरही नेहमी वाईटच घडते असे नाही. 'देवमाणूस' आठवते ना? झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेली, रात्री साडेदहाची. साताऱ्यातल्या वाई भागात स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या संतोष पोळला ऑगस्ट २०१६ मध्ये अटक झाली. सहा खुनांचा आरोप त्याच्यावर आहे. त्या प्रकरणावर ही मालिका बेतल्याचे सगळ्यांना माहीत होते. गावाला देवासारखा वाटणारा डॉक्टर, प्रत्यक्षात भोंदू, बायकांना फसवून मारणारा. किरण गायकवाडने हे काम असे केले की लोकांना त्याचा राग यायचा आणि त्याच्यावरून नजरही हटायची नाही. 'लागिरं झालं जी'मध्ये त्याला भैय्यासाहेब म्हणून शिव्या देणाऱ्यांनी आता डॉक्टरला दुप्पट शिव्या दिल्या, म्हणजे पोरगा पास झाला.

ते लॉकडाऊननंतरचे दिवस होते. आमच्या घरी साडेदहाला शेजारच्या खाला येऊन बसायच्या. खालांना मराठी वाचता येत नाही, पण समजते सगळे, आणि वेळ पडली तर भाजीबाजारात त्या माझ्यापेक्षा चांगले मराठी बोलतात. डॉक्टर पडद्यावर आला की त्या तस्बी हातातच ठेवून म्हणायच्या, "मुर्दा पडो तेरा!" मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणी आणि शिव्या ऐकल्या की म्हणायच्या, ही बाई आपल्याच गल्लीतली आहे. मराठीतला मुडदा आणि आमचा मुर्दा एकाच घरचे, हे मला त्या मालिकेमुळे कळले. डॉक्टर दर वेळी निसटायचा आणि लोक चिडायचे. मालिका उगाच ताणली आहे अशी तक्रार वर्ध्यापासून वाईपर्यंत होती, आणि ती रास्तच होती. डॉक्टरच्या मागे लागलेली एसीपी दिव्या सिंग साकारली होती नेहा खानने. ती आपल्या शेजारच्या अमरावतीची. दिव्या सिंगचे पडले तर एखाद्या भागात पोलिसांना इतके बावळट का दाखवले म्हणून लोक वैतागायचे. खान आडनावाच्या मुलीने सिंग का साकारली, हे आमच्या घरी तरी कोणी विचारले नाही.

आता माझा मुद्दा इथे आहे. देवमाणूस हा हिंदू नावाचा, मराठी मुलखातला, अत्यंत नीच माणूस होता. त्याला नीच असण्याची पूर्ण मुभा होती. त्याच्या नीचपणाची भरपाई म्हणून शेजारच्या घरात एक सज्जन हिंदू डॉक्टर ठेवावा, असे लेखकाला वाटले नाही. त्याने शेवटी भारतमातेसाठी गोळी खावी, अशीही कोणाची अपेक्षा नव्हती. ती मालिका बघून कुठल्या मराठी डॉक्टरला भाड्याने खोली नाकारली गेली नाही. वाईट असूनही तो फक्त स्वतःपुरता वाईट राहिला. मुसलमान पात्राला आजवर मिळाली नसेल अशी चैन कोणती, तर ही.

आणि आपण मागतो काय? आपण मागतो इम्रान अन्सारी.

'पाताल लोक' मे २०२० मध्ये आली. हाथीराम चौधरीच्या कामात जयदीप अहलावतने जीव ओतला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या पोरांच्या तोंडी होता अन्सारी. शांत, अभ्यासू, यूपीएससीची तयारी करणारा, ठाण्यातले टोमणे गिळून काम करणारा. इश्वाक सिंगने तो फार संयमाने केला. आपल्या ग्रुपवर त्याची चित्रे फिरली, 'बघा, मुसलमान असा असतो.' मला ते चित्र पाहून छातीत थोडे दुखले. म्हणजे मुसलमान असा असेल तरच चालेल का? जो यूपीएससी देत नाही, टोमणा गिळत नाही, उलट ऐकवतो, पुलगावच्या स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो आणि कधी गिऱ्हाईकाकडून दहा रुपये जास्त घेतो, त्याचे चित्र कोण फिरवणार?

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा भाग आला. अन्सारी आयपीएस झाला होता. तो समलैंगिक असल्याचे त्यात दिसले, आणि तो मारला गेला. ज्यांनी पाच वर्षे त्याचे फोटो लावले होते त्यांच्यातल्याच काहींनी लिहिले की मुद्दाम आपल्या माणसाला असे दाखवले, बदनामी केली. एका पात्राचा खून झाला होता, त्याचा जोडीदार एकटा पडला होता, आणि आपल्याकडे चर्चा चालली होती ती कौमच्या अब्रूची. अन्सारी आपल्याला माणूस म्हणून हवाच नव्हता. आपल्याला चारित्र्याचा दाखला हवा होता, पोलीस पाटलाच्या सहीशिक्क्याचा.

दाखल्यावरून आठवले, त्याच मालिकेच्या पहिल्या भागात कबीर एम. नावाचा एक आरोपी आहे. गाड्या चोरणारा, किरकोळ. त्याचा खतना वैद्यकीय कारणाने झाल्याचा कागद तो जवळ बाळगतो. पुढे तपासयंत्रणा त्याला पाकिस्तानचा हस्तक ठरवून मोकळी होते. माझ्या मते त्या मालिकेतले सगळ्यात धारदार मुसलमान पात्र हे आहे. तो चोर आहे, आणि चोर असूनही त्याच्यावर अन्याय होतो. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आपल्या ग्रुपवर कबीरचा फोटो एकदाही आला नाही.

याउलट 'सीआयडी'तला फ्रेडरिक्स घ्या. दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले तेव्हा लोक 'फ्रेडी गेला' म्हणून हळहळले. मराठी माणूस ख्रिस्ती नावाने इतकी वर्षे पडद्यावर राहिला. तो भित्रा होता, वेंधळा होता, बायकोला टरकून असायचा. फ्रेडरिक्स भित्रा म्हणून ख्रिस्ती समाज भित्रा, असे कोणी म्हटले नाही. नाव नावापुरते राहिले आणि हसू माणसावर आले. (सीआयडीच्या प्रेक्षकांचा जीव किती जडलेला असतो, ते एप्रिल २०२५ मध्ये दिसलेच. एसीपी प्रद्युम्नला मारल्याचे दाखवले तर लोक असे खवळले की शिवाजी साटमांना परत आणावे लागले.)

मला माहीत आहे, यावर आपल्यातले शहाणे काय म्हणतील. मैदान सारखे नाही. मिहिर वाईट निघाला तर काही होत नाही, पण सलीम वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी आपल्याला फ्रीजबद्दल विचारतात. मग आपण मोजायचे नाही तर काय करायचे? हे म्हणणे खरे आहे आणि मी ते झटकून टाकत नाही. मी स्वतः पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळे ठरल्यानंतर नाव सांगितले की 'गावाहून नातेवाईक येणार आहेत' हे ऐकले आहे, एकदा नाही, तीनदा. पण मोजून काय मिळाले, तेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये 'आयसी ८१४' आली. अपहरणकर्त्यांची टोपणनावे त्यात भोला आणि शंकर होती. ती नावे लेखकाच्या डोक्यातून आली नव्हती. गृहमंत्रालयाने जानेवारी २००० मध्ये काढलेल्या निवेदनातच ती होती. तरीही बोंब झाली, माहिती व प्रसारण मंत्रालयाने बोलावणे धाडले, आणि नेटफ्लिक्सने सुरुवातीच्या सूचनेत खरी नावे घातली. सरकारी कागद हातात असूनही मालिकेला माघार घ्यावी लागते, तिथे आपल्या ग्रुपवरच्या दहा-बारा नावांच्या यादीने कोणाचे मत फिरणार?

खरी तक्रार करायची असेल तर तिचे रस्ते आहेत, आणि आपली पोरे ते वापरत नाहीत. ओटीटीवर काही खटकले तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय. टीव्हीसाठी वाहिनीकडे आणि तिथून वर दाद मागता येते. पण त्या तक्रारीत काय लिहायचे, यावर सगळे आहे. 'मुसलमानाला खलनायक का दाखवले' असे लिहिले तर ती मिहिरवाल्यांची तक्रार झाली, फक्त आपल्या भाषेत. अमुक भाग, अमुक मिनिट, इथे अजानचा आवाज लावून खुनाची तयारी दाखवली आहे आणि कथेला त्याची गरज नाही. किंवा इथे एका आरोपीसाठी अख्खा मोहल्ला अड्डा म्हणून दाखवला आहे, असे लिहिले तर ती तक्रार टिकेल. वाईट मुसलमान पात्र हे आपले दुखणे नाही. त्याचा वाईटपणा त्याच्या अजानला, टोपीला, गल्लीला आणि आईच्या हातच्या शीरखुर्म्याला चिकटवला जातो, ते दुखणे आहे. ही दोन वेगळी आहेत हे ओळखायला सीनकडे नीट बघावे लागते, यादी फॉरवर्ड करून भागत नाही.

आणि बघून झाले की लिहावेही लागते. वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात मराठी शाळेत शिकलेली, मराठीत भांडणारी आपली कितीतरी पोरे आहेत. गुन्हेकथा लिहायला त्यांना मुंबईची परवानगी लागत नाही. माझ्यासारखा कोड लिहिणारा माणूस कथा लिहू शकेल की नाही ठाऊक नाही, पण पात्र मात्र डोक्यात तयार आहे. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा दलाल, सलीमशेठ. वजनकाट्यात हात मारणारा, शेतकऱ्याचे पैसे तीन महिने लोंबकळत ठेवणारा, गिरडच्या दर्ग्यावर दर वर्षी चादर चढवणारा आणि तिथल्या हिंदू दुकानदाराचेही उसने बुडवणारा. धर्माचे सोंग घेऊन फसवत नाही, नुसत्या गोड बोलण्याने फसवतो, कारण खरे ठग तसेच असतात. एका खुनात त्याचा हात असावा. त्याला पकडणारी अधिकारी कुठल्याही आडनावाची चालेल, फक्त तिला देवमाणूसमधल्या पोलिसांपेक्षा थोडी लवकर अक्कल यावी. त्याचा वाईटपणा भरून काढायला शेजारी एकही सज्जन मौलवी नको. आणि रात्री साडेदहाला तो पडद्यावर आला की खालांनी तस्बी हातात धरून, कौमची काहीएक फिकीर न करता, त्यालाही म्हणावे, "मुर्दा पडो तेरा!"